मोकळी जागा

संपादकांचे पत्र आले. दिवाळी अंकासाठी तुमच्या सदराला नेहमीच्या दुप्पट जागा मोकळी ठेवली आहे, ती वेळेवर भरून पाठवावी, असा मजकूर होता. मुंबईत राहणाऱ्या माणसाला न मागता, बिनपागडीची, दुप्पट जागा मिळण्याचा योग जन्मात एखाद्याच वेळी येतो. त्यामुळे पत्र वाचून मला प्रथम संशय आला, मग आनंद झाला आणि शेवटी ही जागा आता भरायची कशाने, ही चिंता लागली.

नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे की, या सदरात मी एखादा शब्द घेतो, तो उलटसुलट करून पाहतो आणि पान संपले की जागच्या जागी ठेवून देतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाचा हा निरुपद्रवी छंद. शब्दाच्या अर्थावरून फार तर दोन प्राध्यापक एकमेकांशी बोलेनासे होतात, जगाचे काही अडत नाही, असे मला पुष्कळ वर्षे वाटत असे. तो समज चुकीचा होता. एका शब्दाच्या अर्थावरून या शहराचा एक अख्खा भाग कसा घडला, आणि कसा घडायचा राहून गेला, त्याची हकिगत आज सांगणार आहे. शब्दही संपादकांच्या पत्रातच सापडला : मोकळी जागा.

आधी 'जागा' घेऊ. मराठीत जागा म्हणजे ठिकाण. मुंबईत मात्र त्याचा अर्थ आखडत आखडत एका खोलीएवढा झाला. गावाकडे माणसाला घर असते, परसू असते, गोठा असतो. मुंबईत त्याला जागा असते किंवा नसते. लग्नाच्या बोलण्यात मुलाचे शिक्षण, पगार, निर्व्यसनीपणा या गोष्टी मागाहून येतात. 'मुलाची जागा आहे ना?' हा प्रश्न आधी येतो.

'मोकळा' हा शब्द त्याहून गमतीचा. त्याचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. गाडीच्या डब्यात बाक मोकळे आहे, म्हणजे त्यावर कुणी बसलेले नाही. इथे मोकळे म्हणजे नुसते रिकामे. पण केस मोकळे सोडले, जनावर दाव्यातून मोकळे केले, कर्जातून एकदाचा मोकळा झालो, असे आपण म्हणतो तेव्हा मोकळे म्हणजे जे आधी बांधलेले, अडकलेले होते ते सुटले. पहिल्या अर्थात फक्त आजची स्थिती आहे. दुसऱ्यात कालचा इतिहास आहे. हा फरक मी वर्गात सांगतो तेव्हा मुले खिडकीबाहेर बघत असतात, कारण तो परीक्षेत विचारला जात नाही. सर्वोच्च न्यायालयात मात्र तो विचारला गेला.

2006 सालचा मार्च महिना होता. मी नुकताच कॉलेजात लागलो होतो. एका रविवारी सकाळी आमचे मामा वर्तमानपत्राची घडी खिशात घालून घरी आले. मामा म्हणजे एका गिरणीतले साचेवाले. गिरणीचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही. 1969 साली पाटण तालुक्यातून ते मुंबईला आले, गाववाल्यांच्या गाळ्यात पथारी टाकली आणि दोन वर्षे बदलीवर काढली. बदलीवर म्हणजे रोज पाळीच्या वेळी गेटावर उभे राहायचे. कुणी गैरहजर असला तर काम, नाही तर चालत घरी. पुढे साचेखात्यात कायम झाले. चहा होईपर्यंत मामा काही बोलले नाहीत. मग घडी उलगडून माझ्यापुढे ठेवीत म्हणाले,

"मास्तर, तू मराठीत एम. ए. केलंस न्हवं? मग सांग बघू, मोकळी जमीन म्हंजे कुठली?"

हा प्रश्न एका साचेवाल्याला का पडावा हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

मुंबईतली पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी स्थापन केली आणि 1856 साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या काळात ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी, दादर या पट्ट्यात गिरण्यांची रांग लागली. गिरणीला जमीन फार लागते. साच्यांच्या ओळी मांडायला करवतीच्या दात्यांसारख्या छपरांची बैठी खाती, कापसाच्या गाठींची गोदामे, वाफेच्या यंत्रासाठी पाण्याचे तळे, उंच चिमणी आणि या साऱ्याला वेढणारी दगडी भिंत. त्या काळी ही जमीन गावाच्या बाहेर होती. शहर वाढत वाढत तिच्या पलीकडे गेले आणि ती शहराच्या पोटात आली. गिरण्यांचा काळ संपत आला तेव्हा 58 गिरण्यांच्या भिंतींआड सुमारे 600 एकर जमीन होती.

भिंतींच्या अलीकडे गिरणगाव होते. या गावाचे गोडवे गाणारे लेख मीही वाचले आहेत, आणि एक दोन लिहिलेही आहेत. पण मामांनी ते वाचले तेव्हा ते हसले होते. खोली दहा बाय बाराची. तीत पहिल्या पाळीचे उठून जात तेव्हा तिसऱ्या पाळीचे येऊन त्याच पथाऱ्यांवर पडत. कापसाचे तंतू छातीत जाऊन माणसे चाळिशीतच खोकू लागत. ज्या रविवारी मामा माझ्याकडे आले तो सुट्टीचा रविवारसुद्धा गिरणी कामगाराला फुकट मिळालेला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा कुठे 1890 साली आठवड्याची सुट्टी पदरात पडली. भजने, शाहिरी, आखाडे, गणपती हे सगळे रस्त्यावर फुलले ते काही हौसेने नव्हे. घरात जागा नव्हती, म्हणून माणूस रस्त्याला अंगण समजू लागला.

तेव्हा गिरण्या गेल्या म्हणून मी अश्रू ढाळीत नाही. त्या अशा ना तशा जाणारच होत्या. यंत्रे जुनी झाली होती, यंत्रमागाचे कापड स्वस्त पडत होते, आणि विणलेल्या कापडापेक्षा खालच्या जमिनीला जास्त भाव येऊ लागला होता. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा मी रांगत होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असे कुणी कधी जाहीर केलेच नाही. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, पण मामांना परत घेतले नाही. पुढे दादरच्या बाजारात भाजीच्या पाट्या वाहून आणि मामींनी घरोघरी पोळ्या लाटून त्यांनी संसार ओढला.

आता कारखाना संपला तर त्याच्या जमिनीचे काय करायचे? हा प्रश्न जगातल्या सगळ्या जुन्या औद्योगिक शहरांपुढे आला आहे. मुंबईने त्याला 1991 साली जे उत्तर दिले ते ऐकून आमच्या गावातला वाटण्या करणारा म्हातारा पंचही खूश झाला असता. विकास नियमावलीच्या 58 व्या नियमात म्हटले होते की, गिरणीच्या जमिनीचा नव्याने विकास करावयाचा असेल तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करावेत. एक वाटा महापालिकेला, बागांसाठी आणि मैदानांसाठी. एक म्हाडाला, सामान्यांच्या घरांसाठी. उरलेला एक मालकाला. शहराने, गरिबाने आणि मालकाने प्रत्येकी एक भाकरी घ्यावी, इतके ते सोपे होते. अडचण एवढीच होती की मालकाला तिन्ही भाकऱ्या दिसत होत्या. तीनातल्या दोन द्यायच्या म्हटल्यावर फारसे कुणी पुढे आले नाही. जमिनी तशाच पडून राहिल्या आणि कामगारांची देणीही तशीच राहिली.

म्हणून 2001 साली नियमात दुरुस्ती झाली. वाटे तेच राहिले. मात्र ते सगळ्या जमिनीचे न करता फक्त मोकळ्या जमिनीचे करावयाचे, असे ठरले. एक विशेषण आत आले, एवढेच. पण गिरणीच्या आवारात खाती, गोदामे, कचेऱ्या यांनीच बहुतेक जमीन व्यापलेली असते. मोकळी म्हणून उरते ती चिमणीभोवतालची, तळ्याकाठची, गाड्या वळवायची. आता खाती पाडली की ती जमीन मोकळी झाली म्हणायची, की जी मुळातच रिकामी होती तीच मोकळी धरायची? नियम इंग्रजीत होता, पण गाठ नेमकी आपल्या मराठी शब्दातलीच. बाक मोकळे, की दाव्यातून सुटलेले जनावर मोकळे?

काही पर्यावरणवादी मंडळी लोकहिताचा दावा घेऊन उच्च न्यायालयात गेली. 2005 च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने दुसरा अर्थ उचलून धरला : बांधकाम पाडल्यावर जी सुटते तीही मोकळीच. दरम्यान त्याच वर्षी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांची जमीन विकली गेली होती, सगळी मिळून दोन हजार कोटींच्या वर. त्यांतली एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची 702 कोटींना गेली. मग प्रकरण दिल्लीला गेले, आणि 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिला अर्थ ग्राह्य धरला. मुळात रिकामी होती तेवढीच मोकळी. आजारी गिरण्या, कामगारांची थकलेली देणी, झालेले व्यवहार, हे सगळे न्यायालयापुढे होते. त्याने आपल्यापुढचा नियम वाचला आणि अर्थ लावला. त्यावर बोट ठेवण्याचा माझा अधिकार नाही. मामांच्या खिशातली घडी त्याच निकालाच्या बातमीची होती.

मी प्राध्यापकी उत्तर दिले. म्हणालो, "मामा, दोन्ही अर्थ होतात. कुठला घ्यायचा ते संदर्भावरून ठरतं."

"आणि संदर्भ कोण ठरवतो?"

मामी घरी एकट्या आहेत का, अजून एक कप चहा घेणार का, असे काहीतरी विचारून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण नियमाचा संदर्भ कागदावर असतो. शहराचा संदर्भ रस्त्यावर असतो.

तो पाहायचा असेल तर कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता लोअर परळ स्टेशनात उतरावे. बाहेर काचेचे उंच मनोरे आहेत, मॉल आहेत, दागिना म्हणून राखलेली एखादी चिमणीही आहे. एकेक इमारत पाहिली तर दृष्ट लागावी अशी. पण गिरण्यांना जोडणारे रस्ते बहुतेक जुनेच राहिले. ज्या वाटेने पाळी सुटल्यावर कामगार चालत चाळीत जात, त्या वाटेवर आता कल्याण-विरारहून येणारी माणसे आणि त्यांच्या साहेबांच्या मोटारी एकाच वेळी लोटतात. कामगार भिंतीला लागून राहत असे. त्याला गाडी लागत नव्हती. नव्या कचेऱ्यांतला माणूस तीस चाळीस मैलांवरून येतो. काम बदलले, माणसे बदलली, त्यांचे येणे-जाणे बदलले. पूल आणि जिने मात्र गिरणीच्या भोंग्याच्या काळातले राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही स्टेशने जोडणाऱ्या अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसे गेली. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरच्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 जण दगावले. दोन्ही दुर्घटनांची कारणे वेगवेगळी होती आणि त्यांची चौकशीही झाली. पण माणसे मावतील एवढी वाट आधी ठेवावी आणि मग इमले चढवावेत, हा साधा घरबांधणीचा नियम शहराला लावायचा राहून गेला, एवढे मला दोन्हींत दिसते.

हे कुणाला सुचलेच नाही असेही नाही. 1996 साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने सरकारला अहवाल दिला होता. विषय होता राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या 25 गिरण्यांच्या जमिनींचा. गाभ्याची गोष्ट अशी की या जमिनींचा सुटा सुटा विचार न करता त्या एकत्र मांडाव्यात आणि घरे, कचेऱ्या, मोकळ्या जागा यांची आखणी मिळून करावी. एकत्र कुटुंबातल्या बाईला विचारा, ती सांगेल. सहा भावांनी सहा चुली मांडल्या की धूर सहापट होतो आणि ओटी एकाच्याही वाट्याला राहत नाही. कोरियांचा अहवाल कपाटात गेला. गिरण्या एकेक करून उठल्या, आणि प्रत्येकीच्या जागी तिच्याच भिंतीच्या आत एकेक नवे संस्थान उभे राहिले.

लंडनमध्ये किंग्ज क्रॉस स्टेशनामागे रेल्वेच्या मालधक्क्यांची आणि कोळशाच्या वखारींची अशीच जुनी जमीन होती, 67 एकर. आपल्या 600 एकरांपुढे ती म्हणजे परसातला वाफा. पण तिचा नकाशा एकच झाला. आधी रस्ते आणि चौक ठरले, मग इमारती. नवे 20 रस्ते आले, लहानमोठ्या 10 बागा आणि चौक आले, आणि 1852 सालच्या धान्याच्या कोठारात 2011 पासून कलाशिक्षणाचे कॉलेज भरू लागले. तिथेही घरे महाग आहेत, तिथेही तक्रारी आहेत. साहेबाच्या देशात रामराज्य आहे असे मला सुचवायचे नाही. पण तिथल्या माणसाने 'मोकळी जागा' म्हटले की तो नकाशावर बोट ठेवू शकतो. त्या बोटासाठी आधी नकाशा असावा लागतो.

नव्या वस्तीचे ऋणही मानले पाहिजे. माझ्या वर्गातली कितीतरी मुले शिकून त्याच मनोऱ्यांत कामाला लागली. त्यांचे आजोबा तिथेच पाळी करीत. आजोबांना कापसाचा खोकला होता, नातवाला थंडगार हवेत खुर्ची मिळाली. यात वाईट काय आहे? मामांची नातदेखील अशाच एका कचेरीत सतराव्या मजल्यावर हिशेब तपासते. ज्या गिरणीच्या जागेवर ती कचेरी उभी आहे, त्याच गिरणीत मामा साचे चालवीत. पोरीला पहिला पगार झाला तेव्हा तिने आजोबांच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला आणि मामांनी तो देवापुढे न ठेवता आधी भिंतीवरच्या मामींच्या फोटोपुढे ठेवला.

राहिला प्रश्न घराचा. म्हाडाच्या वाट्याला जी काही जमीन आली तिच्यावर गिरणी कामगारांसाठी घरे बांधायचे ठरले. अर्ज आले दीड लाखाच्या घरात. मामांचा अर्ज मीच भरला. नातेवाइकांत मराठीचा प्राध्यापक असला की त्याचा उपयोग तेवढ्यासाठीच असतो. एका पत्र्याच्या पेटीतून मामांनी तिकीट, हजेरीचे कागद, फंडाची पावती काढून दिली. 1982 साली कामावर होतो याचा पुरावा हवा होता. 2012 च्या जूनमध्ये पहिली मोठी सोडत झाली, घरे 6,925. प्रत्येक घर सव्वादोनशे चौरस फुटांचे, किंमत साडेसात लाख. मामांचा नंबर लागला नाही. 2016 मध्ये लागला नाही. 2020 च्या मार्चमध्ये 3,894 घरांची सोडत निघाली, तेव्हाही नाही. पुढे शेलू आणि वांगणीला घरे देण्याची योजना निघाली. कर्जतच्या गाडीने बदलापूरच्याही पुढे. 2025 च्या जुलैत आझाद मैदानावर कामगार आणि त्यांचे वारस जमले तेव्हा त्यांची मागणी साधी होती : घर मुंबईत द्या. मामा गेले नाहीत. गुडघ्यांनी नकार दिला. मी विचारले, "मामा, वांगणीचं घेणार का?" म्हणाले, "गावाकडं घर हाय की माझं. मला घर न्हाय पाहिजे रं, मला माझी जागा पाहिजे." या शब्दाचा मुंबईकर अर्थ मी वर दिला आहे. मामांच्या मनात तो नव्हता.

मग एक दिवस त्यांनी हट्ट धरला की नातीची कचेरी पाहायची. सांगायला कचेरी, खरे म्हणजे त्यांना आपले साचे उभे होते ती जागा पाहायची होती. आम्ही दोघे गेलो. जुन्या गेटासमोरचा पिंपळ अजून आहे, त्यावरून त्यांनी खूण धरली. "हितनं आत, डाव्या अंगाला, चाळीस पावलं." पण आत कसे जाणार? फाटकावरचा पहारेकरी नम्रपणे म्हणाला, "बाबा, कुणाकडे जायचंय?"

मामा क्षणभर गोंधळले. तेरा वर्षे ज्या फाटकातून आत गेलो तिथे हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. गेटावरचा माणूस फार तर तिकीट विचारी. मी नातीचे नाव सांगितले. मग फोन झाला, मोबाइलवर आकडे आले, ते दाखवले, फोटो निघाला, आणि आम्ही आत गेलो. मामा पावले मोजू लागले. सदतिसाव्या पावलाला एक बाग लागली. खरेच सुरेख. मऊ हिरवळ, कारंजे, ओळीने लावलेली झाडे, आणि एकही माणूस नाही. मामा कारंज्याच्या कठड्यावर टेकले. त्यांनी तळवा दगडावर ठेवला. साच्याची धडधड अजून लागते की काय, हे पाहत असावेत असे मला वाटले. तेवढ्यात दुसरा पहारेकरी आला.

"बाबा, इथं बसायचं नाही. साहेब लोक वरून बघतात."

तोही आमच्याच बाजूचा निघाला, कोरेगावचा. बिचारा ओशाळला होता. मामाच त्याला म्हणाले, "असू दे लेकरा, तुझी ड्यूटी हाय." नात धावत खाली आली, तिने उपाहारगृहात कॉफी पाजली, कॉफीची किंमत मामांपासून लपवली, आणि आम्ही परत निघालो.

बाहेर पिंपळाच्या पारावर मात्र आम्हाला कुणी उठवले नाही. एक पोरगा वडापाव खात बसला होता, दोन मजूर पाठ टेकून झोपले होते. मामांनी चपला काढून पाय वर घेतले. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"मास्तर, तुला मागं एकदा विचारलं हुतं. मोकळी जागा म्हंजे कुठली. तू काय सांगितलं न्हाईस."

"सांगितलं होतं मामा, दोन अर्थ होतात म्हणून."

"दोन न्हाय, एकच व्हतो. जिथं 'कुणाकडं जायचंय' आसं कुणी इचारत न्हाय, ती मोकळी."

वीस वर्षे मी वर्गात जो शब्द समजावतो आहे त्याचा अर्थ मला पारावर बसून मिळाला. शब्दकोशात तो नाही. नियमावलीत असता तर बरे झाले असते.

हे सगळे आता लिहून काय उपयोग, झाले ते झाले, असे कुणी म्हणेल. पण झाले ते सगळे अजून झालेले नाही. काही गिरण्यांची आवारे अजून उभी आहेत. आणि पूर्व किनाऱ्याला, शिवडीपासून ससून डॉकच्या बाजूपर्यंत, मुंबई बंदराची जमीन आहे, अठराशे एकरांच्या आसपास. गिरण्यांच्या तिप्पट. तिथेही वखारी रिकाम्या होत आहेत, तिथेही नव्या नगराचे आराखडे निघाले आहेत. उद्या तिचे नियम लिहिले जातील. त्या मसुद्यात कुठेतरी 'मोकळी' हे विशेषण येईल, आणि मागाहून त्याचा अर्थ लावण्यासाठी कुणीतरी दिल्लीला जाईल. त्यापेक्षा तो अर्थ नियमाच्या पहिल्याच ओळीत स्वच्छ लिहावा, नकाशावर आधी रस्ते, पूल आणि मैदाने आखावीत, आणि मग इमारतींना परवानगी द्यावी, एवढीच एका भाषाशिक्षकाची मागणी आहे. मसुदा लिहिताना शब्द अडला तर संबंधितांनी मला नव्हे, मामांना विचारावे. संध्याकाळी पाचच्या सुमारास ते पारावर असतात. त्यांच्याकडे जायला कुणाचीच परवानगी लागत नाही.